गिऱ्हाईक जोडायचं तर…

दसरा झाला की हल्ली आपल्या मोबाइलवर निरोपांची रांग लागते. कुणी चकल्या-अनारसे करून देतं, कुणी साड्यांचं प्रदर्शन भरवतं, कुणी उटणं नि पणत्या विकतं. यातल्या बऱ्याच जणी आपल्या ओळखीच्याच असतात. शेजारच्या वहिनी, मुलाच्या मित्राची आई, चुलत जाऊ. संसाराला हातभार लागावा, चार पैसे स्वतःच्या गाठीला असावेत म्हणून त्यांची धडपड चाललेली असते. हाताला चव असते, कष्टाची तयारी असते. तरीही दहा-बारा किलोच्या पुढे गाडी सरकत नाही. मग वाटतं, जाहिरात कमी पडली. आणखी निरोप जातात, जास्त ठळक अक्षरांत, जास्त उद्गारचिन्हं लावून. आणि लोक ते न वाचताच पुढे सरकतात.

असं का व्हावं? कारणं दोनच असतात. एक तर वाचणारीला त्या निरोपात आपल्या कामाचं काही सापडत नाही. आणि सापडलंच, तर त्यावर तिचा विश्वास बसत नाही. माल कितीही चांगला असला तरी या दोन गाठी सुटल्याशिवाय तो तिच्या घरात जात नाही.

आपल्यासारख्या लहान गावांतून तर ही गोष्ट अधिकच नाजूक. मोठ्या बाजारातल्या दुकानदाराचं एक गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं येतं. आपलं गिऱ्हाईक म्हणजे आपलंच नातं असतं. लाडू खवट निघाले, तर पुढच्या हळदीकुंकवाला तीच बाई समोर बसलेली असते. ती तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या वर्षी मागणीही करत नाही. आपल्याला कारण कळत नाही, आणि मनात मात्र अढी बसते.

ऐंशी रुपयांची गोष्ट

लिज्जत पापड आपल्या सगळ्यांच्या माहितीचा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. जसवंतीबेन पोपट या त्या सातजणींपैकी एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

सुरुवातीला या बायकांनी दोन प्रतींचे पापड करायचं ठरवलं होतं. एक चांगला आणि एक स्वस्तातला, थोडा हलका. छगनबाप्पांनी सांगितलं, हलका माल करूच नका. एकच प्रत ठेवा, आणि ती कधी उतरू देऊ नका. हिशेबही चोख ठेवा. त्या बायकांनी ते मानलं. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा त्यांनी चार महिने काम बंद ठेवलं. पुढच्या वर्षी खाटा आणि शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी, असं करून पावसाळ्यातही काम सुरू राहिलं.

विचार करून पाहा. ‘लिज्जत’ हे नावसुद्धा मागाहून, १९६२ साली आलं. टीव्हीवरचा तो बोलका ससा तर त्याहून कितीतरी नंतरचा. आधी पापड एकसारखा लागू लागला, मग जाहिरातीला काहीतरी सांगण्यासारखं मिळालं. आजही पीठ शाखेतून मिळतं, बायका घरी लाटतात, आणि आणलेले पापड तपासून, वजन करून घेतले जातात. गिऱ्हाइकाला हे काही दिसत नाही. त्याला एवढंच ठाऊक असतं, की गेल्या महिन्याचा पापड आणि या महिन्याचा पापड यात फरक नाही. विश्वास म्हणतात तो हाच.

भाजी घेणारी ललिताजी

आता दुसऱ्या गाठीकडे वळू. १९६९ साली अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी ‘निरमा’ पावडर सुरू केली. सायकलीवरून दारोदार जाऊन ते ती विकत. सर्फच्या मानाने ती फारच स्वस्त होती, त्यामुळे घरोघर शिरली. सर्फवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला, की महाग पावडर कुणी का घ्यावी?

ॲलेक पदमसी यांनी त्यावर जी जाहिरात काढली ती ऐंशीच्या दशकात टीव्ही पाहिलेल्या प्रत्येकीला आठवत असेल. साधी सुती साडी, चेहऱ्यावर करारीपणा, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी ललिताजी. कविता चौधरींनी ती उभी केली. २०२४ साली त्या गेल्या तेव्हासुद्धा अनेकींना ‘उडान’बरोबर ललिताजीच आठवली. पदमसी सांगत, की ही ललिताजी त्यांना त्यांच्या आईवरून सुचली.

त्या जाहिरातीत शुभ्रतेच्या मोठ्या बाता नव्हत्या. तिच्यात हिशेब होता. अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीच्या बरोबरीचं काम करतं, म्हणून स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, एवढंच ती सांगत होती. हा हिशेब आपण रोज भाजी घेताना करतोच. म्हणून ती बाई आपल्यातली वाटली. गंमत अशी, की निरमाही काही बंद पडली नाही. जिला जो हिशेब पटला तिने ती पावडर घेतली. दोघांनीही गृहिणीच्या पिशवीतला खराखुरा प्रश्न ओळखला होता.

आपला निरोप कसा असावा?

आता आपल्या चकलीकडे येऊ. बहुतेक निरोप असे असतात: ‘ताजा, चविष्ट, दर्जेदार, घरगुती फराळ! मर्यादित साठा! संधी दवडू नका!’ यातला एकही शब्द खोटा नसेल, पण एकही उपयोगाचा नाही. शिळा आणि बेचव फराळ विकते असं कोण सांगणार?

त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘भाजणीची चकली. भाजणी घरी भाजून गिरणीतून दळून आणली आहे. तळण शेंगदाणा तेलात, तेल नवं. तिखट मध्यम, मुलांसाठी कमी हवं असल्यास आधी कळवा. भाव किलोला ४०० रुपये, घरपोच दिल्यास वेगळे पैसे नाहीत. एकटीच करते म्हणून १५ किलोच घेणार आहे.’ यात चविष्ट हा शब्द नाही, पण वाचणारीच्या मनातल्या पाच-सहा प्रश्नांची उत्तरं आहेत.

भाव लिहायला लाजू नका. ‘भावासाठी फोन करा’ म्हटलं की निम्म्याजणी तिथेच थांबतात. फोन केला आणि परवडलं नाही, तर नाही म्हणायची पंचाईत. आणि भाव किलोचाच सांगा. ८०० ग्रॅमचा पुडा ३६० रुपयांना म्हटला तर तो ४०० पेक्षा स्वस्त भासतो. प्रत्यक्षात किलोला ४५० पडतात. ललिताजीच्या वारसदार हे गणित मनातल्या मनात करतात, आणि एकदा का ध्यानात आलं, की तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही शंका घेतात.

साडी विकणाऱ्यांनी फोटो दिवसाच्या उजेडात काढावा, आणि रंग फोटोत उजळ दिसत असेल तर तसं लिहावं. यंत्रमागाच्या साडीला ‘पैठणीसारखी’ म्हणा, पैठणी म्हणू नका. दुसऱ्याच्या दुकानातला फोटो उचलून आपल्या नावावर पाठवू नये, हे तर सांगायलाच नको.

कुणाला, केव्हा

एकच निरोप सरसकट दोनशे जणींना पाठवणं सोपं असतं, पण ते कुणालाच लागू पडत नाही. एक जाडजूड वही करा. कुणी काय नेलं, किती नेलं, काय म्हणाली, ते तारखेसह लिहा. दोन दिवाळ्यांत ती वही तुम्हाला सगळं शिकवील. कवळी लावणाऱ्या आजींच्या घरी कडक चकलीपेक्षा बेसनाचे मऊ लाडू खपतील. ज्यांचा मुलगा पुण्याला वसतिगृहात आहे त्यांना टिकणारा चिवडा हवा असतो. जिची लेक परदेशी आहे ती पदार्थाइतकीच बांधणीची चौकशी करते. संध्याकाळी सातला नोकरीवरून परतणाऱ्या बाईला दुपारी दोनचा निरोप दिसत नाही.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तिथे पुष्कळदा फराळ करत नाहीत. अशा घरी ‘दिवाळीचा गोडवा’ म्हणून जाहिरात गेली तर काय वाटेल? त्या वर्षी त्यांना विक्रीचा निरोप नको. जमलं तर नुसता एक डबा घेऊन जाऊन या. ती काही विक्री नव्हे.

कुणालाही न विचारता आपल्या ग्रुपात ओढू नका. भिशीत किंवा हळदीकुंकवाला बायकांसमोर माल मांडून ‘घ्या ना एक तरी’ असा आग्रहही नको. भीड ही भिकेची बहीण, म्हणतात. भिडेखातर नेलेली वस्तू कपाटात पडून राहते, आणि पुढच्या वेळी ती बाई आपल्याला टाळते.

जे करता येणार नाही ते बोलू नका

मेथीच्या लाडवांबद्दल, कारल्याच्या चूर्णाबद्दल हल्ली ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे निरोप फिरतात. कायद्याप्रमाणे मधुमेहासारख्या ठरावीक रोगांवर बरं करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. हा कायदा १९५४ सालापासून आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दंडही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, एखाद्या भाबड्या बाईने तुमच्या शब्दावर गोळ्या बंद केल्या तर? ‘बाळंतिणीला आणि थंडीत आवडीने खातात’ एवढं म्हटलं तरी लाडू खपतात.

खाण्याचे पदार्थ नेमाने विकत असाल तर अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करून घ्या. तिथून १४ आकडी क्रमांक मिळतो. पुड्यावर तो, घटक, वजन आणि केल्याची तारीख लिहिली, की अनोळखी गिऱ्हाईकही धीर करतं.

चूक झाली तर

हाताने केलेल्या कामात कधी बिघाड होणारच. तेल वाईट निघतं, चकली मऊ पडते. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या तक्रारीची वाट पाहू नका. त्या घाण्यातला माल जिथे जिथे गेला तिथे स्वतः कळवा: ‘सोमवारची चकली मऊ पडली आहे. बदलून देते, नाहीतर पैसे परत.’ पाच किलोचं नुकसान होईल, दोन रात्री झोप लागणार नाही. पण हे सांगणारी बाई लोकांच्या लक्षात राहते, आणि तिच्याबद्दल त्या आपणहून दुसरीला सांगतात. अशी आपणहून दिलेली शाबासकी मिळाली, तर तिची परवानगी घेऊन निरोपात जरूर घाला. मनाने रचलेली मात्र कधीच नको. गावात कोण कुणाला ओळखतं हे आपल्याला ठाऊकच आहे.

निरोप पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचून पाहा. तीच बाई दारात उभी असती, तर तिच्या तोंडावर हे वाक्य आपण बोललो असतो का? बोललो असतो, तर खुशाल पाठवा. जे वाक्य बोलताना जीभ अडखळेल, ते खोडा. बाकी उरेल तेवढं पुरतं.