परतलेला चेंडू कोणाचा?

समजा, अणदूरच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा सामना रंगला आहे. एकाचा नेम चुकतो, चेंडू रिंगवर आपटून उडतो आणि उंच मुलगा तो अलगद पकडतो. यालाच रिबाउंड म्हणतात. बुटका मुलगा हिरमुसून म्हणतो, "माझी उंचीच कमी. मला रिबाउंड कसा मिळणार?"

मित्रांनो, त्याचे म्हणणे खरे आहे का?

रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. तेथे उंच खेळाडूचा हात आधी पोहोचणार, हे उघड आहे. उंची शिकवता येत नाही. परंतु चेंडू रिंगपाशी थांबत नाही, तो खाली येतो. कोठे येणार हे ज्याला आधी उमगते, तो तेथे आधी जाऊन उभा राहतो.

कॅरमचा स्ट्रायकर ज्या कोनात कडेवर आपटतो, साधारण त्याच कोनात पलीकडे जातो. बोर्डवर आपटलेला चेंडूही तसाच वागतो. म्हणून एका बाजूने टाकलेला चेंडू चुकला, तर बहुधा विरुद्ध बाजूला जातो. दुरून टाकलेला चेंडू जोरात आपटतो व लांब उडतो. चेंडूच्या फिरकीने कोन थोडा बदलतो.

आता वेळेचा हिशेब पाहू. रिंगवरून एक मीटर वर उडालेला चेंडू पुन्हा रिंगपाशी यायला सुमारे ०.९ सेकंद लागतो. तेवढ्यात दोन पावले टाकता येतात. तुम्ही ४० सेंटिमीटर उडी मारलीत, तर सुमारे ०.५७ सेकंद हवेत राहाल. त्यातला निम्मा वेळ सर्वांत वरच्या १० सेंटिमीटरमध्येच जातो. नेमक्या त्या वेळी चेंडू यायला हवा. घाई केलेला उंच खेळाडू तोवर खाली येऊ लागलेला असतो!

अमेरिकेचा डेनिस रॉडमन २.०१ मीटर उंच होता. त्याच्याहून उंच खेळाडू पुष्कळ होते. तरीही १९९१-९२ पासून सलग सात हंगाम तेथील एनबीए स्पर्धेत दर सामन्यामागे सर्वाधिक रिबाउंड त्यानेच घेतले. मित्रांना निरनिराळ्या जागांवरून चेंडू टाकायला सांगून तो कसा उडतो, हे तो पाहत बसे.

धाराशिव जिल्ह्यातील मुलांना हे नवे वाटू नये. २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या खो-खोपटू सारिका काळे याच जिल्ह्यातल्या. खो-खोत पळणारा खेळाडू पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यांवरून त्याची दिशा ओळखतो. ही नजर सरावानेच येते.

करून पाहा : मित्राला एकाच कोपऱ्यातून चेंडू टाकायला सांगा. चेंडू रिंगला लागण्यापूर्वी तो डावीकडे, उजवीकडे की समोर पडेल, ते मोठ्याने सांगा. चुकलेल्या ३० नेमांत तुमचे किती अंदाज बरोबर आले, ते वहीत लिहा. आठवडाभर सराव करून पुन्हा ३० नेम मोजा.

रिबाउंड शिकता येतो का, याचे उत्तर तुमच्या वहीतच मिळेल.