मागासलेल्या जिल्ह्यांत केंद्रग्रामें कोठें वसवावीं?

मागासलेल्या जिल्ह्याची सुधारणा व्हावी असें सर्वांसच वाटतें. परंतु आरंभ कोठून करावा असा प्रश्न निघाला कीं मतभेद होतात. एक पक्ष म्हणतो, गांवोगांव थोडें थोडें द्यावें. दुसरा म्हणतो, सर्व कांहीं जिल्ह्याच्या ठिकाणीं आणावें. आमच्या मतें मधला मार्ग अधिक हिताचा आहे. वीस-पंचवीस गांवांस सोयीचें असें एक गांव निवडून तेथें गोदाम, भातगिरणी, बँक, गुरांचा दवाखाना व औतांच्या दुरुस्तीचें दुकान एकत्र आणावें. अशा गांवास आम्ही केंद्रग्राम म्हणतों. बागाइती मुलखांत अशीं गांवें आपोआप वाढलीं. जेथें तीं वाढलीं नाहींत तेथें काय करावें, हें पाहण्यासाठीं गडचिरोलीचें उदाहरण घेऊं.

हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें वस्ती १०,७२,९४२, म्हणजे दर चौरस किलोमीटरास सुमारें ७४ माणसें. बहुतेक प्रदेश जंगलाचा. तालुके १२, आणि दक्षिण टोकाचें सिरोंचा जिल्ह्याच्या ठाण्यापासून सुमारें २०० किलोमीटर दूर. उत्तरेस देसाईगंजास आगगाडी पोंचली, तेव्हां तेथें धानाचा व्यापार व भातगिरण्या वाढल्या. उलट भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुरानें तुटल्याच्या वार्ता पावसाळ्यामागून पावसाळे येत राहिल्या. एकाच जिल्ह्यांत एवढें अंतर आहे.

सन १९८४ मध्यें दांडेकर समितीनें महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचा अनुशेष मोजून दाखविला. तें काम मोलाचें होतें. परंतु काय कमी आहे हें कळल्यानें, तें कोठें ठेवावें हें कळत नाहीं.

महसूल खात्याच्या दप्तरांत आमची हयात गेली. सजा, मंडळ व तालुका यांच्या सीमा कारभाराच्या सोयीनें आंखलेल्या असतात. शेतकऱ्याची गाडी मात्र सीमा पाहून चालत नाहीं, ती आठवड्याच्या बाजाराकडे चालते. म्हणून केंद्रग्राम निवडतांना कचेरी कोठें आहे हें न पाहतां तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, बाजाराच्या दिवशीं किती गांवांचीं माणसें तेथें येतात. दुसरी, श्रावण-भाद्रपदांत किती गांवांस तेथें पोंचतां येतें. कारण उन्हाळ्यांत जवळचें गांव पावसाळ्यांत नाल्यापलीकडे राहिलें तर जवळ असून व्यर्थ. तिसरी, तेथें कोणता माल विक्रीस येतो व तो कोणत्या रूपांत बाहेर जातो. धान जाऊन तांदूळ परत येत असेल, तर मजुरी व कोंडा दोन्ही परगांवीं राहतात.

स्थळ ठरल्यावर पहिला खर्च गोदामावर व्हावा. सुगी होतांच घरीं पैशाची निकड असते, म्हणून शेतकरी मिळेल त्या भावानें धान देतो. आणि ताडपत्रीखालीं पडलेलें धान अवकाळी पावसानें कुजतें. यावर उपाय नवा नाहीं. राज्य कृषि पणन मंडळानें १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालविली आहे. तींत बाजार समितीच्या ताब्यांतील गोदामांत माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांकरितां, दरसाल ६ टक्के व्याजानें देण्याची तरतूद आहे. समजा, ४०,००० रुपयांचें २० क्विंटल धान ठेवलें. कर्ज ३०,००० रुपये मिळेल व सहा महिन्यांचें व्याज ९०० रुपये होईल. क्विंटलमागें ४५ रुपये भाव चढला तरी व्याज भागलें. भाडें व इतर खर्च लागल्यास तो वेगळा धरावा. परंतु गोदाम ६० किलोमीटर दूर असेल तर ही योजना कागदावरच राहावयाची.

यापुढें मालकीचा प्रश्न येतो. इमारत उभी राहिली व किल्ली परक्याच्या हातीं गेली, तर केंद्रग्राम म्हणजे अडत्याचें नवें दुकान होय. प्रवरेकांठीं १९५० सालीं साखरेचा कारखाना सुरू झाला. त्याचे भागीदार ऊंस पिकविणारे होते, म्हणून त्याभोवतीं शाळा व दवाखाने उभे राहिले. गडचिरोलींतहि धडा आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ मध्यें सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. तेव्हांच गांवास आपला बांबू आपण विकतां आला.

कोणी म्हणतील, केंद्रग्राम वाढेल आणि भोंवतालचे पाडे तसेच राहतील. ही भीति खरी आहे. म्हणून व्यवस्थापक मंडळांत निम्म्याहून अधिक जागा बाहेरच्या गांवांस असाव्या, आणि गोदामाच्या जमाखर्चांत कोणत्या गांवाचा किती माल आला हें गांववार लिहावें. ज्या गांवाचें नांव दोन सुग्या वहींत आलें नाहीं, तेथें पंचांनीं स्वतः जाऊन कारण विचारावें. बहुधा तें कारण एखादी मोरी किंवा एखादें जुनें देणें असेल.

वाचकांस आमची विनंति एवढीच आहे. आपल्या तालुक्याचा नकाशा घ्यावा, आठवडी बाजार त्यावर मांडावे, आणि पावसाळ्यांत तुटणाऱ्या वाटांवर काट मारावी. ज्या बाजाराकडे अधिकांत अधिक वाटा शिल्लक राहतील, त्या गांवाचा ठराव सोसायटीच्या पुढील सभेंत मांडावा. योजना वरून येईल तेव्हां जागा आपण ठरवून ठेवलेली असावी.