रक्ताची साक्ष आणि श्रद्धेची कसोटी

शास्त्र जसजसें वाढेल तसतशी धर्मश्रद्धा मावळत जाईल, असें भाकीत एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील अनेक विचारवंतांनीं केलें होतें. तें खरें झालें नाहीं. शास्त्र वाढलें आणि श्रद्धाही राहिली. इतकेंच नव्हे, तर ज्या विज्ञानकथांत केवळ शास्त्राचेंच कौतुक असावें अशी आपली अपेक्षा, त्या दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांतही धर्माचा प्रश्न वारंवार डोकावूं लागला. आनुवंशिकतेच्या शास्त्रानें प्राण्यांची प्रतिरूपें निर्माण करण्याची कल्पना पुढें आणल्यावर तर एक जुनाच प्रश्न नव्या वेषांत उभा राहिला: मनुष्याचें शरीर ज्या द्रव्याच्या आज्ञेनें घडतें, त्याच द्रव्यांत त्याची थोरवी आणि त्याची श्रद्धाही सांठविलेली असते काय? दोन अमेरिकन कथांच्या आधारें या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

पहिली कथा ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेंतील होय. ही मालिका १९८७ पासून १९९४ पर्यंत चालली. तींतील ‘राइटफुल हेअर’ म्हणजे ‘खरा वारस’ हा भाग १९९३ सालीं दाखविला गेला. त्याचें नाट्यलेखन रोनाल्ड मूर यांचें आहे. कथेंतील क्लिंगॉन ही परग्रहावरील शूर व मानी जात. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं केहलेस नांवाच्या वीरानें तिला एकत्र आणून धर्म व नीति शिकविली आणि जातांना ‘मी पुन्हां येईन’ असें वचन दिलें, अशी तिची परंपरा. वर्फ नांवाचा क्लिंगॉन योद्धा मनांतील श्रद्धा डळमळीत झाल्यामुळें बोरेथ येथील मठांत जाऊन ध्यानास बसतो. तोंच त्याच्यासमोर साक्षात् केहलेस प्रकट होतो!

राज्याचा प्रमुख गावरॉन यास हें मानवत नाहीं. ज्या प्राचीन सुरीवर मूळ केहलेसचें रक्त वाळून राहिलेलें आहे, ती पवित्र सुरी तो घेऊन येतो आणि दोन्ही रक्तें ताडून पाहण्याची मागणी करतो. परीक्षा होते, आणि दोन्ही रक्तें एकच ठरतात. श्रद्धावंतांचा जयजयकार होतो. परंतु पुढें द्वंद्वयुद्धांत गावरॉन या केहलेसचा पराभव करतो, आणि वर्फच्या मनांत संशय उत्पन्न होतो. तो मठाच्या धर्मगुरूंना खडसावून विचारतो, तेव्हां ते कबूल करतात कीं, त्याच सुरीवरील रक्तापासून आम्हींच हें प्रतिरूप निर्माण केलें आणि पवित्र ग्रंथांतील कथा त्याच्या स्मृतींत भरल्या. त्या बिचाऱ्यास स्वतःस यांतलें कांहींच ठाऊक नसतें. आपण खरेच केहलेस आहोंत, असें तो मनापासून मानीत असतो.

आतां यांतील शास्त्र किती खरें, तें पाहूं. हा भाग दाखविला गेला तेव्हां डॉली ही मेंढी जन्मास यावयाची होती. पुढें ५ जुलै १९९६ रोजीं स्कॉटलंडमधील रॉस्लिन संस्थेंत ती जन्मली. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेंतील पेशीचें केंद्रक दुसऱ्या मेंढीच्या केंद्रकरहित केलेल्या अंड्यांत घातलें गेलें. अशीं २७७ अंडीं सिद्ध केलीं, त्यांतून २९ गर्भ तयार झाले, आणि जगलें तें एकच कोकरूं. म्हणजे प्रतिरूपाची कल्पना खोटी नाहीं. मात्र ती सिद्ध होण्यास धड केंद्रक लागतें. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशींत केंद्रकच नसतें. आनुवंशिक द्रव्य, ज्यास डीएनए म्हणतात, तें पांढऱ्या पेशींत असतें. तेंही मरणोत्तर पाणी, हवा व सूक्ष्म जंतु यांच्या योगानें तुटत जातें. वाळलेल्या जुन्या रक्तांतून त्याचे तुकडे वाचतां येतील. परंतु तुकड्यांवरून पोथी ओळखणें निराळें आणि तींतून जिवंत मनुष्य उभा करणें निराळें. शिवाय प्रतिरूप जन्मास येतें तें तान्हें बालक म्हणून, दाढीमिशांसह प्रौढ होऊन नव्हे.

स्मृतीचें तर याहूनही कठीण आहे. मनुष्याच्या डीएनएमध्यें सुमारें तीन अब्ज अक्षरें असतात, पण त्यांत त्याच्या आयुष्यांतील एकही दिवस लिहिलेला नसतो. आठवणी जन्मानंतर मेंदूंतील जोडण्यांत घडतात. एकाच गर्भापासून झालेलीं जुळीं भावंडें हीं निसर्गानेंच केलेलीं प्रतिरूपें होत. तरी त्यांच्या बोटांचे ठसे भिन्न, अनुभव भिन्न आणि पुष्कळदां मतेंही भिन्न. म्हणून धर्मगुरूंना ग्रंथांतील कथा बाहेरून भरणें भाग पडलें, ही कथाकाराची योजना शास्त्रास धरूनच आहे.

येथें वाचकांनीं एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. रक्ताची परीक्षा चुकली नव्हती. चुकलें तें तिच्यावरून काढलेलें अनुमान. ‘हें रक्त त्याच वीराचें आहे’ एवढेंच परीक्षेनें सांगितलें. ‘तो वीर परत आला’ हें लोकांनीं आपल्या पदरचें घातलें.

दुसरी कथा पहिलीच्या उलट आहे. ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या मालिकेंतील १९९८ सालच्या ‘ट्रेचरी, फेथ अँड द ग्रेट रिव्हर’ या भागांत वेयून नांवाचें एक पात्र येतें. तो व्होर्टा जातीचा, आणि एकाच मूळ पुरुषाचें सहावें प्रतिरूप. वाटेल तें रूप धारण करणाऱ्या ‘संस्थापक’ नामक जीवांनीं व्होर्टांची घडण आनुवंशिक शास्त्रानें केलेली असते, आणि आपणांस देव मानण्याची वृत्तीही त्यांच्या घडणींतच घातलेली असते. पहिल्या कथेंत प्रयोगशाळेनें पूज्य पुरुष घडविला, येथें पूजकच घडविला! संस्थापकांच्याच कुळांतला, परंतु त्यांची बाजू सोडलेला ओडो वेयूनला विचारतो कीं, तुझी भक्ति तुझ्या रक्तांत मुद्दाम पेरलेली आहे, हें तुला कळत नाहीं काय? वेयून शांतपणें उत्तर देतो कीं, अर्थातच कळतें. देव असेंच करणार.

शास्त्र या बाबतींत काय म्हणतें? एखादा विशिष्ट धर्मसिद्धांत ठरविणारें जनुक कोणास सांपडलेलें नाहीं. स्वभावाचा कल आनुवंशिक असूं शकतो, पण कल म्हणजे मत नव्हे. भाषेचेंच उदाहरण घ्या. बोलावयास शिकण्याची शक्ति मनुष्य उपजतच घेऊन येतो. परंतु मराठी आईबापांचें मूल जन्मापासून परक्या देशांत परक्यांच्या घरीं वाढलें, तर तें तेथली भाषा बोलतें. मराठी त्याच्या रक्तांतून उगवत नाहीं. श्रद्धेचेंही आम्हांस असेंच वाटतें: ग्रहण करण्याची शक्ति जन्मजात, पण ग्रहण केलेलें धन शिकविण्यानें, संगतीनें व स्वतःच्या निवडीनें मिळालेलें.

आणि म्हणूनच वेयूनचा शेवट मनास चटका लावतो. त्यास स्वजातीचें युद्ध अन्यायाचें वाटूं लागतें. आपली भक्ति न सोडतांही तो ओडोकडे येतो, आणि ओडोचा प्राण वांचावा म्हणून स्वतःचा प्राण देतो. मरतांना तो आशीर्वाद मागतो. स्वतःस देव न मानणारा ओडो केवळ दयेनें तो देतो. भक्ति पेरलेली होती खरी, पण ती कोणत्या कामीं लावावयाची, हें त्यानें स्वतः ठरविलें.

केहलेसच्या कथेचा शेवटही असाच आहे. वर्फ त्या प्रतिरूपास नाहींसें करीत नाहीं, आणि लोकांस फसवीतही नाहीं. तो सुचवितो कीं, हा प्रतिरूप आहे हें सत्य सर्वांस सांगावें आणि मग त्यास अधिकाररहित सम्राट् करून नीतीचा आदर्श म्हणून ठेवावें. निरोप घेतांना वर्फला कळून येतें कीं, शिकवण देणारा परत येण्यापेक्षां त्याची शिकवण पाळली जाणें अधिक महत्त्वाचें.

बोरेथच्या मठाचें वर्णन ऐकतांना आम्हांस एका खऱ्या मठाची आठवण होते. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया ब्रनो येथील मठांत ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनें वाटाण्याच्या रोपांवर घातला. हें गांव आज चेक प्रजासत्ताकांत आहे. एका प्रयोगांत त्यास ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक हें प्रमाण. हे आंकडे त्यानें १८६५ सालीं विद्वानांपुढें वाचले व १८६६ सालीं छापले. १८८४ सालीं तो वारला. त्याच्या कार्याची खरी ओळख जगास १९०० सालीं पटली. एका मठांत प्रयोग झाला तो उघड, दुसऱ्यांत झाला तो लपवून. आणि सारा फरक यांतच आहे. बोरेथच्या धर्मगुरूंचें पाप त्यांच्या शास्त्रांत नव्हतें, असत्यांत होतें. लोकांची श्रद्धा वांचविण्यासाठीं त्यांनीं असत्याचा आधार घेतला, आणि तेणेंकरून तिलाच धोक्यांत घातलें.

आज रक्त तपासून पूर्वजांचा माग काढतां येतो. गुन्हेगार ओळखतां येतो. रोगांचें मूळ शोधतां येतें. हा मोठाच लाभ आहे. परंतु कुळाचा अभिमान वाहणाऱ्या आपल्या देशांत तर हें पक्कें ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, थोराच्या रक्तानें कोणी थोर होत नाहीं, आणि हीन म्हणून हिणविलेल्याच्या रक्तांत कसलेंही हीनत्व सांपडत नाहीं. रक्त कोणाचें, हें शास्त्रास विचारावें; मनुष्य कसा, हें त्याच्या आचरणास विचारावें.