पास काढावा की तिकीट? जालन्याच्या प्रवाशाचा हिशेब

जालना जिल्ह्यातून रोज ये-जा करणाऱ्याला किंवा चार दिवस देवदर्शनाला निघणाऱ्याला एसटीचा मासिक व त्रैमासिक पास, विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास, ‘आवडेल तेथे प्रवास’ हा ठरावीक दिवसांचा पास आणि रेल्वेचे सीझन तिकीट असे पर्याय असतात. अपडाऊन करणारी मंडळी सीझन तिकिटाला एमएसटी म्हणतात. याशिवाय हाफ तिकीट आणि मोफत प्रवासाच्या सरकारी योजनाही आहेत. पास काढताना नजर आधी किमतीकडे जाते. पण पैसे वाचणार की वाया जाणार हे बहुतेक वेळा पासाच्या हद्दीवर ठरते. पास कोणाच्या गाडीत चालतो, कुठपर्यंत चालतो आणि महिन्यातले किती दिवस त्याचा खरोखर उपयोग होणार, हे आधी पाहिले तर निवड सोपी होते.

रोजच्या प्रवासापासून सुरुवात करू. जालना विभागात जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद ही एसटीची आगारे आहेत. अंबड, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद आणि मंठा या तालुक्यांच्या गावांना रेल्वे नाही, त्यामुळे तिथल्या नोकरदारांची आणि विद्यार्थ्यांची सगळी मदार एसटीवर. एसटीचा मासिक पास २० दिवसांच्या जाण्यायेण्याच्या भाड्यात ३० दिवस चालतो. त्रैमासिक पासाला ५० दिवसांचे भाडे भरून ९० दिवस प्रवास करता येतो. हिशेबापुरते एका बाजूचे भाडे १०० रुपये धरले, तर दिवसाचे २०० रुपये होतात. मासिक पास ४,००० रुपयांना पडेल आणि महिन्यात २४ दिवस जाणाऱ्याचे ८०० रुपये वाचतील. पाच दिवसांचा आठवडा असलेला सरकारी कर्मचारी रजा आणि सण वजा जाता महिन्यात जेमतेम २० दिवस कामावर जातो. त्याला मासिक पासात काहीच सुटत नाही. त्रैमासिक पास मात्र त्यालाही परवडतो, कारण तिथे महिन्याला सरासरी १७ दिवस प्रवास झाला की पैसे वसूल होतात. दहा हजार रुपये एकदम काढणे अनेकांना जड जाते आणि त्या ओढीने ते दर महिन्याला छोटा पास काढत राहतात. वर्षाच्या शेवटी हा फरक चांगलाच मोठा होतो.

हा सगळा हिशेब पूर्ण भाडे भरणाऱ्या पुरुषाचा झाला. १७ मार्च २०२३ पासून ‘महिला सन्मान योजने’खाली एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. त्यामुळे पूर्ण भाड्याच्या हिशेबाने काढलेला पास महिलेला जवळपास कधीच परवडत नाही. वरच्याच उदाहरणात तिचे दिवसाचे भाडे १०० रुपये. महिन्याचे तीसही दिवस ती गेली तरी ३,००० रुपये होतात, म्हणजे पासाच्या ४,००० पेक्षा कमीच. त्रैमासिक पासाचीही तीच गत आहे: ९० दिवस न चुकता प्रवास केला तरी हाफ तिकिटाचे ९,००० आणि पासाचे १०,०००. रोज कंडक्टरकडून तिकीट घेण्याचा त्रास तेवढा उरतो. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही एसटीत अर्धेच भाडे असल्याने हेच गणित त्यांनाही लागू पडते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेत प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा दाखवला की कंडक्टर त्यांना शून्य रकमेचे तिकीट देतो. घरातल्या सर्वांसाठी एकच प्रकार निवडण्याची सवय म्हणूनच तोट्याची ठरते. एकाच घरातून एकाच गाडीने जाणाऱ्या नवऱ्याला त्रैमासिक पास फायद्याचा असेल, तर बायकोला रोजचे हाफ तिकीट.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत विचार करायला फारसे काही उरत नाही. एसटी त्यांच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत देते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांशच भाग भरावा लागतो. गावातून शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत मोफत पास मिळतो. एकेकाळी या पासासाठी आगाराच्या खिडकीवर रांग लावावी लागे आणि शाळेचे तास बुडत. २०२४ पासून पास थेट शाळेत देण्याची पद्धत सुरू झाली. आडगावातल्या मुलीचे शिक्षण अनेकदा सातवी-आठवीनंतर निव्वळ अंतरामुळे तुटते, म्हणून या पासाचे मोल पैशांत मोजता येत नाही. मात्र पास हाती असून शाळेच्या वेळेला गाडीच नसेल तर तो कागदावरच राहतो. म्हणून गावाने पासाबरोबरच फेरीच्या वेळेसाठीही आगाराकडे आग्रह धरला पाहिजे.

बदनापूर, जालना आणि परतूर ही गावे मनमाड–सिकंदराबाद या लोहमार्गावर आहेत. निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या या मार्गाचा जालना जिल्ह्यातला भाग आज दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो. जालना ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर रेल्वेने ६३ किलोमीटर आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ, दवाखाने आणि कारखाने यांच्यासाठी या टप्प्यात मोठी ये-जा चालते. रेल्वेचे मासिक सीझन तिकीट साधारण १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळते. म्हणजे आठव्या दिवशीच ते वसूल होते. एसटीच्या पासाला त्यासाठी वीस दिवस लागतात. तीन महिन्यांच्या तिकिटाला मासिकाच्या २.७ पट, सहा महिन्यांच्या तिकिटाला ५.४ पट आणि वर्षाच्या तिकिटाला १०.८ पट रक्कम भरावी लागते. याचा अर्थ लांब मुदतीमुळे मिळणारी सूट सगळीकडे दहा टक्केच आहे. वर्षाचे तिकीट काढून तिमाहीपेक्षा जास्त काही मिळत नाही आणि बदलीची नोकरी असेल तर उलट अडचणच होते.

इतकी स्वस्ताई असूनही रेल्वेचे सीझन तिकीट सर्वांना सोयीचे नाही. ते अनारक्षित, म्हणजे जनरल डब्यापुरते असते. आरक्षित डब्यात पासधारक सापडला तर दंड होतो. जालन्याहून मुंबईकडे ३० डिसेंबर २०२३ पासून वंदे भारत धावू लागली, पण हे तिकीट तिच्यात चालत नाही. सगळेच डबे आरक्षित असलेल्या जनशताब्दीचेही तसेच. सुपरफास्ट गाडीत बसायचे तर जादा अधिभार भरावा लागतो. मग पासधारकाच्या वाट्याला पॅसेंजर आणि मराठवाडा एक्सप्रेससारख्या गाड्या उरतात. त्यांच्या वेळा ऑफिसच्या वेळांशी जुळत असतील तर रेल्वेला तोड नाही. जुळत नसतील तर वाट पाहण्यात बचत संपते. अंतराची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. सीझन तिकीट १५० किलोमीटरपर्यंतच मिळते. जालन्याहून संभाजीनगर आणि परभणी या मर्यादेत बसतात, मनमाड आणि नांदेड बसत नाहीत. मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असे दुसऱ्या वर्गाचे मासिक तिकीट रेल्वे मोफत देते. परतूरहून जालन्याला पदवीसाठी येणाऱ्या मुलीला म्हणूनच एसटीच्या सवलतीपेक्षा हे तिकीट सरस पडते. ज्येष्ठांची गोष्ट उलट आहे. रेल्वेने त्यांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, त्यामुळे राज्यातल्या प्रवासात त्यांना सवलत मिळते ती एसटीतच.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. तो झाला की राजूर आणि भोकरदनच्या प्रवाशांपुढेही हीच निवड उभी राहील.

हद्दीचा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहतो तो ‘आवडेल तेथे प्रवास’ या पासाच्या बाबतीत. १९८८ मध्ये ही योजना आली तेव्हा पास १० दिवसांचा होता. २००६ मध्ये सात आणि चार दिवसांचे पास आले. साध्या गाड्यांचा पास वेगळा आणि एसटीच्या वातानुकूलित शिवशाही गाड्यांचा वेगळा. वरच्या दर्जाचा पास खालच्या गाडीत चालतो, पण साधा पास शिवशाहीत चालत नाही. खेड्यापाड्यांतून फिरायचे असेल तर शिवशाहीचे जादा पैसे अनेकदा फुकट जातात, कारण त्या वाटेवर शिवशाही नसतेच. मुदत पहिल्या दिवशीच्या मध्यरात्रीपासून मोजतात. संध्याकाळी निघणाऱ्याचा एक अख्खा दिवस वाया जातो. त्यामुळे पास आगाऊ काढून ठेवून पहाटेची पहिली गाडी पकडणे शहाणपणाचे. पास दुसऱ्याला देता येत नाही, हरवला तर बदली मिळत नाही आणि त्याने जागेची हमीही मिळत नाही. जागा हवी तर आरक्षणाचा आकार वेगळा भरावा लागतो.

जालन्याहून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि परतताना पंढरपूर अशी यात्रा धरू. हा फेरा आठशे किलोमीटरच्या वर जातो. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते. एकूण टप्प्यांना सध्याच्या दराने गुणून आलेली रक्कम पासाच्या किमतीशी ताडून पाहिली की काय परवडते ते कळते. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आणि पासांच्या किमतीही वेळोवेळी बदलतात, म्हणून दोन्ही आकडे त्याच दिवशी आगारात विचारून घ्यावेत. या यात्रेतले गाणगापूर कर्नाटकात आहे आणि तिथेच हिशेब बदलतो. ‘आवडेल तेथे’ पास परराज्यातही चालतो, पण फक्त एसटीच्या गाडीत. अक्कलकोटहून पुढे कल्याण कर्नाटक परिवहन महामंडळाची गाडी आधी आली आणि तीत चढले, तर पास खिशात असूनही पूर्ण तिकीट काढावे लागते. महिलांची ५० टक्के सवलत आणि पंचाहत्तरीपुढच्यांचा मोफत प्रवास महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहेत. हद्दीपुढच्या अंतराचे भाडे पूर्ण लागते. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत महिलांना मोफत प्रवास मिळतो, पण तो कर्नाटकच्या रहिवासी महिलांसाठी. तेलंगणाची डिसेंबर २०२३ मध्ये आलेली ‘महालक्ष्मी’ योजनाही तिथल्याच महिलांची आहे. आधार कार्डावर जालन्याचा पत्ता असलेल्या बाईला दोन्हीकडे तिकीट घ्यावेच लागते.

तरीही या यात्रेत महिलेने पास काढण्यात अर्थ नाही. गाणगापूरचा कर्नाटकातला भाग सोडला तर बाकीचा सगळा रस्ता तिला अर्ध्या भाड्यात पडतो. त्याच कुटुंबातल्या पुरुषाला मात्र चार दिवसांत एवढे अंतर कापायचे असेल तर पास तपासून पाहण्याजोगा आहे. यात्रा सात दिवसांत रमतगमत करायची असेल तर मुक्कामाचे दिवसही मुदतीत मोजले जातात. एखाद्या क्षेत्री दोन रात्री राहणाऱ्याला बहुधा सुटी तिकिटेच स्वस्त पडतील.

एकच पास सगळीकडे चालण्याची सोय इतरत्र आहे. जर्मनीत १ मे २०२३ पासून ‘डॉइचलांड टिकेट’ हा मासिक पास मिळतो. सुरुवातीला त्याची किंमत ४९ युरो होती. देशभरातल्या सर्व कंपन्यांच्या स्थानिक गाड्या, बस आणि ट्राम त्यात येतात, आणि हद्दीपलीकडच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्थानकापर्यंतही तो चालतो. वेगवान आयसीई गाड्या मात्र त्यात नाहीत. जालन्याच्या प्रवाशाला असा एकच पास मिळत नाही. रेल्वेचे सीझन तिकीट एसटीत चालत नाही, एसटीचा पास संभाजीनगरच्या शहर बसमध्ये चालत नाही, कारण ती सेवा एसटीची नाही. रेल्वेने स्थानकावर उतरून पुढे शहर बस किंवा रिक्षा करणाऱ्याने तो खर्चही महिन्याच्या हिशेबात धरावा. मध्यवर्ती बसस्थानकाजवळ कामाला असणाऱ्याला या एका कारणाने एसटीचा महाग पासही कधीकधी रेल्वेच्या बरोबरीला येतो.