व्हायोलिन डी मेजरमध्ये का खुलते?

बीथोवन, ब्राम्स आणि चायकोव्हस्की या तिघांनीही व्हायोलिनचा एकेकच कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वृंद यांच्यासाठीची रचना, पूर्ण केला आणि तिघांनीही त्यासाठी डी मेजर हीच पट्टी निवडली. सिबेलियसचा एकमेव व्हायोलिन कॉन्चेर्टो डी मायनरमध्ये आहे. स्ट्राविन्स्कीनेही १९३१ मध्ये आपल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोसाठी षड्ज धरला तो डीच. याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

मेजर म्हणजे ढोबळमानाने आपला बिलावल थाट, तर मायनर आसावरीच्या जवळचा. डी हा त्यातला षड्ज. प्रत्येक पट्टीला स्वतःचा स्वभाव असतो, अशी युरोपात जुनी समजूत होती. क्रिस्टियान शुबार्ट या जर्मन संगीतकाराचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८०६ मध्ये छापला गेला. त्यात डी मेजरला विजयाची आणि जयघोषाची पट्टी म्हटले आहे. त्याच वर्षी २३ डिसेंबरला बीथोवनचा कॉन्चेर्टो व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला.

पण हा स्वभाव कंपनसंख्येत दडलेला असेल, तर एक अडचण येते. आज बहुतेक ठिकाणी ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला लावतात. जुन्या पद्धतीने बरोक संगीत वाजवणारे अनेक वृंद तोच स्वर ४१५ हर्ट्झला लावतात. हा फरक जवळजवळ अर्ध्या स्वराचा आहे. म्हणजे त्यांचा डी मेजर आपल्या कानांना डी फ्लॅटसारखा ऐकू यायला हवा. तरीही त्या वृंदांची विजयाची धून काही विलाप होत नाही.

खरे कारण वाद्याच्या तारांत आहे. व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए आणि ई या स्वरांत लावतात. त्यांची कंपनसंख्या सुमारे १९६, २९४, ४४० आणि ६५९ हर्ट्झ. डीला षड्ज मानले, तर मध्यम म्हणजे जी आणि पंचम म्हणजे ए. षड्ज, मध्यम, पंचम हे सप्तकाचे तिन्ही खांब मोकळ्या तारांवर मिळतात. वादकाने ए तारेवर बोट ठेवून वरचा डी वाजवला, की न छेडलेली डी तारही आपोआप थरथरते, कारण तो स्वर तिच्या कंपनसंख्येच्या दुप्पट असतो. तंबोऱ्याशेजारी सुरात गायल्यावर त्याच्या तारा बोलू लागतात, तेच हे अनुनादाचे तत्त्व. नाद भरतो, लांबतो, उजळतो. ई फ्लॅटमध्ये हे तिन्ही स्वर मोकळ्या तारांवर नसतात, त्यामुळे वाद्य थोडे झाकल्यासारखे वाटते.

मोट्झार्टला हे पक्के ठाऊक होते. १७७९ च्या ‘सिन्फोनिया कॉन्चेर्टांते’मध्ये व्हायोलिन आणि व्हिओला यांची जोडी आहे आणि पट्टी आहे ई फ्लॅट मेजर. व्हिओलाचा आवाज मुळातच दबका. म्हणून त्याने व्हिओलावादकाला सगळ्या तारा अर्धा स्वर चढवून लावायला सांगितले आणि त्याचे स्वरलेखन डी मेजरमध्ये केले. बोटे डी मेजरची, ऐकू येणारा स्वर ई फ्लॅटचा! ताण वाढला, मोकळ्या तारा कामी आल्या आणि व्हिओला व्हायोलिनच्या तोडीस तोड बोलू लागला.

पट्टीने नादाचा रंग ठरतो. पण भाव ठरायला लयही लागते. कॅनडातील हुसैन, थॉम्प्सन आणि शेलेनबर्ग या संशोधकांनी मोट्झार्टच्या दोन पियानोंच्या डी मेजर सोनाटाची चार रूपे तयार केली: जलद मेजर, जलद मायनर, संथ मेजर आणि संथ मायनर. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष नेमके होते. लय बदलली की श्रोत्यांची उत्तेजना बदलली. मेजरचे मायनर केले की मनःस्थिती बदलली. ही दोन वेगळी सूत्रे आहेत.

कॉन्चेर्टोंमध्ये ही चारही रूपे भेटतात. बीथोवनचा पहिला भाग जलद मेजर: भव्य आणि प्रसन्न. दुसरा संथ, जी मेजरमध्ये. तिथे तुताऱ्या आणि नगारे गप्प असतात. वृंदातल्या तंतुवाद्यांच्या घोडीवर म्यूट बसवलेला असतो. त्याच्या वजनामुळे वरची कंपने वाद्याच्या पोटापर्यंत कमी पोहोचतात आणि आवाज मऊ होतो. थाट मेजरच, पण विजयाच्या जागी शांती येते. मेंडेल्सझोनचा ई मायनर कॉन्चेर्टो जलद सुरू होतो. तिथे मायनर रडवत नाही, तर हुरहूर लावत पुढे ओढतो. मोट्झार्टच्या त्याच सिन्फोनियाचा मधला भाग संथ आणि सी मायनरमध्ये आहे. खरा शोक तिथे ऐकू येतो. उदासीला मायनर आणि संथ लय या दोघांची साथ मिळाली, की ती गडद होते.

पट्टी संगीतकार कागदावर बांधून देतो. लय मात्र बीथोवनने शब्दांत सांगितली: जलद, पण फार नको. मेल्झेलने मेट्रोनोमचे, म्हणजे लय आकड्यांत ठरवून देणाऱ्या यंत्राचे, पेटंट घेतले १८१५ मध्ये, आणि नंतरही बीथोवनने या कॉन्चेर्टोला आकडा दिला नाही. ‘फार’ म्हणजे किती, हे वादक आणि संचालक ठरवतात. म्हणूनच पहिल्या भागाच्या ध्वनिमुद्रणांत काही मिनिटांचा फरक पडतो. त्या प्रयोगाच्या भाषेत सांगायचे, तर मनःस्थितीचे सूत्र बीथोवनने स्वतःकडे ठेवले आणि उत्तेजनेचे वादकाच्या हाती दिले.