चारशे पंधरा, दोन सेकंद

ओळखीच्या एका घरी आलेल्या लग्नपत्रिकेवर तीन जिल्ह्यांचे शिक्के होते, आणि लग्न होऊन आठवडा उलटला होता. ही पत्रिका एवढी फिरली कशी, या कुतूहलापोटी रेल्वे मेल सर्व्हिसच्या एका सॉर्टिंग हॉलमध्ये रात्रपाळी बघायला गेलो.

थैल्या येतात, फोडतात, टपाल टेबलावर ओततात. खरं बघायचं ते खणांच्या कपाटापुढं उभ्या असलेल्या, निवृत्तीला आलेल्या काकांकडं. पाकिटावरचं नाव ते वाचतच नाहीत. नजर थेट पिनकोडवर. "एका पाकिटाला दोन सेकंद. तिसरा सेकंद लागला की मागं ढीग झालाच."

या दोन सेकंदांत बरंच काही उरकतं. पहिला आकडा विभागाचा. 9 आला तर लष्कराचं टपाल. पहिले दोन 40 ते 44 असले की महाराष्ट्र-गोवा. तिसऱ्यानं सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो आणि शेवटच्या तिघांनी वाटपाचं पोस्ट. हा जिल्हा कलेक्टरचा नव्हे. सातारा आणि रत्नागिरी दोन्ही 415 मध्ये, सिंधुदुर्ग कोल्हापूरबरोबर 416 मध्ये. काका 'सातारा' म्हणत नाहीत, 'चारशे पंधरा' म्हणतात.

15 ऑगस्ट 1972 ला ही पद्धत सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळं. माणूस कोकणातल्या केळशीचा, टपाल खात्यातला वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी! गरज उघडच होती. निफाडचं पिंपळगाव बसवंत, पाचोऱ्याचं पिंपळगाव हरेश्वर, बुलढाण्याचं पिंपळगाव राजा; आणि आपण लिहिणार नुसतं 'मु. पो. पिंपळगाव'.

मध्येच काकांचा हात थांबला. पत्रिकेचंच पाकीट. पिनकोडच्या चौकटींवर कुणीतरी हौसेनं हळदीचं बोट ओढलेलं. खालचा आकडा 3 की 8? त्यांनी पाकीट दिव्याखाली तिरकं धरलं, अंगठ्यानं हळद पुसून पाहिली, ती आणखी पसरली. दोन सेकंद कधीच संपले होते. शेवटी कोपऱ्यातला तालुका लागला आणि पाकीट खणात गेलं. "तालुका नसता तर आता फिरत बसलं असतं." अंगठा पिवळा तो पिवळाच.

आता डिजिपिनही आला आहे. दहा अक्षरांत साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन सांगणारा. येऊ दे. पण देशात पिनकोड सुमारे 19 हजार आणि पोस्टं दीड लाखाच्या वर. म्हणजे एका पिनकोडखाली बरीच गावं येतात, आणि तिथून पुढं दार शोधायचं ते पोस्टमननंच. नुसत्या सहा आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

तेव्हा गाव, तालुका, जिल्हा पुरा लिहा, सहा आकडे सुटे आणि ठळक काढा. आणि हळद लावायचीच तर पाकिटाच्या मागच्या बाजूला लावा.