मेस्कालची पारख : चवीवरून शेत कसें ओळखावें

शेताच्या बांधावर कुंपण म्हणून लावलेला घायपात आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, पाणी घालावें लागत नाहीं आणि पानांच्या वाखाचे दोर होतात, यापलीकडे त्याची चौकशी आपण फारशी करीत नाहीं. हें झाड मूळचें आपल्या देशांतलें नव्हे. त्याच्या कुळाचें माहेर मेक्सिको देश होय. आणि तेथील शेतकरी त्याच कुळांतील निरनिराळ्या जातींच्या गड्ड्यांपासून 'मेस्काल' नांवाचें मद्य गाळतात. त्याचे प्रकार कोणते, त्यांच्या चवींत फरक कां पडतो व तो ओळखावा कसा, हें येथें सांगावयाचें आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा हेतु मुळींच नाहीं. परंतु शेतांत काय घडलें हें मालाच्या चवीवरून कळावें आणि त्या चवीवर शेतकऱ्याचा भाव ठरावा, याचें इतकें स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल.

पीक व त्याची मुदत

मेस्कालसाठीं सर्वांत अधिक लागवड 'एस्पादीन' या जातीची होते. तिच्या मुळाशीं फुटणारीं पिलें काढून लावितात व पीक तयार होण्यास साधारणपणें ६ ते ८ वर्षें लागतात. 'तोबाला' ही डोंगरांतील ठेंगणी, रुंद पानांची जात. तिला बहुधा पिलें फुटत नाहींत. ती बियांपासूनच वाढते आणि १० वर्षें किंवा त्याहून अधिक काळ घेते. खडकाळ उतारांवरील 'तेपेस्ताते' या जातीस तर २५ वर्षेंपर्यंत लागतात. झाड आयुष्यांत एकदांच फुलतें व मग मरतें. म्हणून फुलाचा दांडा वर येऊं लागतांच तो छाटतात, म्हणजे साखर गड्ड्यांतच राहते. नंतर पानें तासून अननसासारखा दिसणारा गड्डा काढून घेतात. एक लिटर मेस्काल होण्यास एस्पादीनचे सुमारें १० किलो गड्डे लागतात. रानटी जातींचे बहुधा याहून अधिक.

तीन वर्ग

मेक्सिको सरकारनें १९९४ सालीं 'मेस्काल' या नांवास मूळस्थानाचें संरक्षण दिलें आणि २०१६ च्या प्रमाण-नियमानें त्याचे तीन वर्ग पाडले. पहिला 'आन्सेस्त्राल', म्हणजे पूर्वजांच्या पद्धतीचा. यांत गड्डे जमिनींतील खड्ड्यांत भाजतात. लांकडें जाळून लाल केलेल्या दगडांवर गड्डे रचावयाचे, वरून चोथा, चटया व माती घालावयाची आणि तीन ते पांच दिवस झांकून ठेवावयाचें, अशी रीत आहे. भाजलेले गड्डे लांकडी मोगरीनें चेचतात किंवा जनावर जुंपून फिरविलेल्या दगडी चाकाखालीं भरडतात. हें चाक आपल्याकडील चुन्याच्या घाणीसारखेंच असतें. रस चोथ्यासह आंबवून मातीच्या भांड्यांत उघड्या जाळावर गाळतात. दुसरा वर्ग 'आर्तेसानाल', म्हणजे कारागिरीचा. यांत वरील साधनांखेरीज गड्डे फाडणारें यंत्र व तांब्याचें भांडें चालतें. तिसऱ्या, नुसत्या 'मेस्काल' या वर्गांत वाफेच्या बंद भट्ट्या, रस ओढून काढणारीं मोठीं यंत्रें व गाळण्याचे उभे स्तंभ हीं सर्व चालतात. तिन्ही वर्गांत साखर मात्र पूर्णपणें याच झाडाची असावी लागते. टेकिलाची गोष्ट वेगळी आहे. ती एकाच निळ्या जातीपासून करितात आणि तिच्या एका प्रकारांत ४९ टक्क्यांपर्यंत दुसऱ्या पिकाची साखर चालते.

चव घेण्याची रीत

मेक्सिकोंत चांगलें मेस्काल एका दमांत पीत नाहींत. लहान लहान घोट घेतात. त्यासाठीं एका फळाच्या कवचाची उथळ वाटी वापरण्याची जुनी चाल आहे. कारागीर पोकळ वेळूच्या नळीनें मेस्काल ओढून वाटींत धार सोडतो व वर उठणारे बुडबुडे पाहतो. त्यांस तेथें 'मोती' म्हणतात. मद्यार्क सुमारें ४५ ते ५५ टक्के असेल तर मोती दाट उठतात व कांहीं काळ टिकतात. जोर फार कमी किंवा फार अधिक असल्यास ते लौकर मोडतात. आपला गुळव्या पाकाची गोळी पाण्यांत टाकून पाहतो, तशीच ही परीक्षा आहे. यानंतर दोन थेंब तळहातांवर चोळावे. मद्यार्क उडून गेल्यावर भाजलेल्या गड्ड्याचा गोडसर वास मागें राहिला पाहिजे. पहिल्या घोटानें जीभ केवळ सरावते. निर्णय दुसऱ्या-तिसऱ्या घोटावर करावा व मध्यें साधें पाणी प्यावें.

तुलनेचा मुख्य नियम आपल्या शेतांतील प्रयोगाचाच आहे : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. प्रथम पद्धत एकच ठेवून जात बदलावी. एस्पादीनमध्यें भाजल्याचा गोडवा व धुराची छटा आढळते. तोबाला अधिक सुवासिक, फुलांची व पिकल्या फळांची आठवण देणारें. तेपेस्ताते हिरव्या पाल्यासारखें व तिखटसर. 'कुइशे' कोरडें, लांकडी व मातीच्या चवीचें. नंतर जात एकच ठेवून भांडें बदलावें. वाहाका राज्यांतील सान्ता कातारीना मीनास हें गांव मातीच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील मेस्कालांत ओल्या मातीचा गंध व जड पोत जाणवतो, तर तांब्याच्या भांड्यांतून चव अधिक स्वच्छ उतरते. शेवटीं प्रदेश बदलावा. सान लुइस पोतोसी राज्यांत जुन्या रीतीनें गड्डे खड्ड्यांत न भाजतां वाफेच्या भट्टींत शिजवितात. तेथील 'साल्मियाना' जातीच्या मेस्कालांत धूर जवळजवळ नसतो. हिरव्या मिरचीसारखा वास मात्र स्पष्ट येतो. मेस्काल म्हणजे धूर, हा समज त्यामुळें खोटा ठरतो.

लांकडी पिंपांत मुरविलेलें मेस्काल तुलनेस घेऊं नये, कारण लांकडाची चव झाडाची चव झांकते. कांहीं बाटल्यांत अळी घातलेली असते. ती विक्रीची युक्ति आहे, उत्तमपणाची खूण नव्हे.

शेतकऱ्याचा प्रश्न

प्रमाणित मेस्कालचें उत्पादन २०११ सालीं सुमारें १० लाख लिटर होतें. २०२२ सालीं तें १ कोटी ४० लाख लिटरांच्या आसपास गेलें. मागणी दहा वर्षांत वाढली, परंतु झाडाची मुदत कोणास कमी करतां आली नाहीं. रानांतील तोबाला व तेपेस्ताते बेसुमार काढलीं जाऊं लागलीं. या झाडांच्या फुलांचें परागीकरण रात्रीं येणारीं वटवाघळें करितात. प्रत्येक दांडा छाटला गेला तर वटवाघळांस अन्न नाहीं व शेतकऱ्यास बीं नाहीं. उलट सर्व लागवड पिलांवरच केली तर शेतांतील झाडें एकाच रक्ताचीं होतात आणि एका रोगास सर्वच बळी पडण्याचा धोका राहतो. म्हणून तेथील विचारी लोक कांहीं झाडें मुद्दाम फुलूं देतात व तोबालाचीं रोपें बियांपासून वाढवितात.

भावाचें संकट याहून कठीण आहे. टेकिलाच्या निळ्या जातीचा दर २०२० च्या सुमारास किलोस ३० पेसोंच्या घरांत होता. २०२४ पर्यंत तो १० पेसोंच्या खालीं आला. तेजी पाहून ज्यानें लागवड केली त्याचें पीक मंदींत काढणीस आलें. उसांत चूक झाली तर ती दीड वर्षांत सुधारतां येते. येथें ती सुधारण्यास सात-आठ वर्षें जातात.

या संकटांत पारखीचा उपयोग दिसतो. मेस्कालच्या बाटलीवर वर्ग, झाडाची जात व राज्य छापावें लागतें. पुष्कळ कारागीर आपलें व गांवाचें नांवहि देतात. गिऱ्हाइकास फरक कळत असेल तर तोबालाच्या दहा-बारा वर्षांचें मोल मिळूं शकतें. कळत नसेल तर सर्व गड्डे एकाच कांट्यावर, एकाच दरानें तोलले जातात.

दख्खनच्या घायपातापासून मद्य गाळण्याचे परवानाधारक उद्योग अलीकडे आपल्या देशांतहि निघाले आहेत. विनापरवाना गाळणें हा गुन्हा आहे व त्यांत जिवासहि धोका आहे. त्या वाटेस कोणीं जाऊं नये. परंतु उद्यां एखादा व्यापारी बांधावरील घायपात मागावयास आला, तर केवळ वजनावर सौदा करूं नये. झाडाची जात व वय प्रथम नोंदवावें, आपल्या गांवाचें नांव मालावर लागेल काय तें विचारावें, आणि कांहीं झाडें फुलावयास राखून ठेवावीं. बांधावरचें झाड एकदां उपटलें कीं तें पुन्हां तयार होण्यास कित्येक वर्षें लागतात, हें ध्यानांत ठेवूनच भाव सांगावा.